इन्कमटॅक्स काढा आणि जीएसटी वाढवा म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका : गोव्याच्या तिन्ही खासदारांना खुलं पत्र

मा. खासदार महोदय,
(उत्तर गोवा, दक्षिण गोवा आणि राज्यसभा, तिघांनाही एकच पत्र, तीन वेगळी लिहायला वेळ नाही)

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीत छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यांची जीएसटीची रिटर्न्स भरतो, आणि जून-जुलै आला की नोकरीवाल्यांची इन्कमटॅक्सची पण भरून देतो. म्हणजे माझं अर्धं पोट इन्कमटॅक्सवर चालतं हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहिणारच की ह्याचा धंदा बुडेल म्हणून हा ओरडतोय. बुडत नाही हो. जीएसटी वाढला तर माझं काम दुप्पट होईल, त्यामुळे माझ्या खिशाची काळजी नको.

दरवर्षी बजेट जवळ आलं की एक मागणी फिरायला लागते. इन्कमटॅक्स पूर्ण रद्द करा, जो काय टॅक्स घ्यायचा तो खर्चावर घ्या. कमावणाऱ्याला दंड कशाला, जो उडवतो त्याच्याकडून वसूल करा, काळा पैसावाला पण हॉटेलात जेवतोच ना, गाडी घेतोच ना, मग तो आपोआप सापडेल, रिटर्न नको, नोटीस नको. केंद्राने असं काही जाहीर केलेलं नाही हे मला माहीत आहे, पण सुब्रमण्यम स्वामींसारखे लोक इन्कमटॅक्स काढा हे कितीतरी वर्षं सांगतायत, आणि आता आपल्या गोव्यातल्या सरकारी नोकरांच्या, डॉक्टरांच्या, वेर्णा-कुंडईच्या कंपन्यांतल्या लोकांच्या ग्रुपवर हे इतकं फिरतंय की उद्या तुमच्याकडे निवेदन घेऊन कोणीतरी येणार आणि तुम्ही फोटो काढून घेणार. त्याआधी हे वाचा.

त्यांचा राग खोटा नाही. पगारदाराचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, त्याला पळवाट नाही, आणि शेजारचा धंदेवाला तिप्पट कमावून शून्याचं रिटर्न भरतो हे तो रोज बघतो. मी पण बघतो, जरा जास्तच जवळून बघतो. पण म्हणून औषध हेच का?

आकडे बघू. २०२५-२६ च्या बजेटमध्ये केंद्राकडे येणाऱ्या एका रुपयात २२ पैसे इन्कमटॅक्सचे धरलेत, १७ पैसे कंपन्यांच्या टॅक्सचे, आणि जीएसटीचे १८. इन्कमटॅक्सचा आकडा १४.३८ लाख कोटी. आणि २०२४-२५ मध्ये केंद्र-राज्य सगळं मिळून देशात जीएसटी जमा झाला २२.०८ लाख कोटी. म्हणजे इन्कमटॅक्स काढून तेवढेच पैसे जीएसटीतून उभे करायचे तर सरळ त्रैराशिकाने आजचा प्रत्येक दर ६५ टक्क्यांनी वाढवावा लागेल, ५ चे सव्वाआठ, १८ चे जवळजवळ ३०. आणि हे लोक आत्ताइतकीच खरेदी करत राहतील, आत्ताइतकीच बिलं फाडतील असं धरून. ते होणार नाही, त्यावर खाली येतो.

आता हे कोणाच्या खिशातून जाणार बघा. आमच्या बाजारात कपड्याच्या दुकानात महिना १५ हजारांवर काम करणारा मुलगा घ्या. त्याला आज इन्कमटॅक्स शून्य. २०२५ च्या बजेटनंतर नवीन रेजीममध्ये (दर कमी, सवलती पण कमी) १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. त्याचा महिन्याचा ५ टक्केवाला माल ८ हजारांचा धरा, साबण, तेल, पाकिटातला तांदूळ वगैरे, आणि १८ टक्केवाला २ हजारांचा, मोबाइलचं रिचार्ज आणि असंच काही. नवीन दराने त्याला महिना साधारण ५०० रुपये जास्त जातील, वर्षाला ६ हजार, आणि बदल्यात मिळणार काय तर काही नाही, कारण जो टॅक्स माफ झाला तो तो भरतच नव्हता. आता २५ लाख पगाराचा डॉक्टर घ्या. नवीन रेजीममध्ये त्याचा आज टॅक्स होतो सेससकट ३ लाख १९ हजार ८००. तो गेला. महिन्याला लाखाची खरेदी धरली, अर्धी ५ वाली अर्धी १८ वाली, तर त्याला जास्तीचे जातील वर्षाला ९० हजार. सव्वादोन लाखांच्या वर त्याच्याकडे शिल्लक, ते तो म्युच्युअल फंडात टाकणार, आणि त्यावर तर खर्चाचा टॅक्स लागतच नाही. खर्चाचे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमचे घाला, दिशा बदलत नाही. गरीब कमावलेलं सगळं खर्च करतो, श्रीमंत करत नाही, करूच शकत नाही, माणूस खाऊन खाऊन खाणार किती.

पण माझा खरा मुद्दा हा पण नाही. मुद्दा असा की इन्कमटॅक्सला कळतं तुमची कमाई थांबली, खर्चाच्या टॅक्सला कळत नाही. आणि हे डिचोली, सत्तरी, सांगेच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. २०१२ ला लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मग मध्ये थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, मशीन ऑपरेटर, रस्त्याकडेचा चहाचा गाडा, एका झटक्यात सगळ्यांची आवक बंद. दारात ट्रक उभे, टायरवर गवत चढलेलं, बॅटऱ्या उतरलेल्या, बँकेचे हप्ते डोक्यावर. त्यांच्यातल्या ज्यांची मी रिटर्न्स भरायचो त्यांचा इन्कमटॅक्स आपोआप शून्यावर आला, कोणाला अर्ज करावा लागला नाही, मंत्र्याकडे जावं लागलं नाही. पण तेलाच्या पिशवीवर, पोराच्या बुटांवर, आईच्या औषधावर, फोनच्या रिचार्जवर टॅक्स होता तेवढाच राहिला. आता विचार करा की त्या वेळी सगळाच टॅक्स खर्चावर असता आणि दर ३० टक्के असता तर. बसलेल्या माणसाने पण सरकारला पूर्ण टॅक्स भरला असता, बायकोचं सोनं गहाण टाकून.

आणि खाणी सोडा, किनाऱ्यावर तर दर पावसाळ्यात हेच. शॅक उतरवले की वेटर, कुक, बोटवाले, टॅक्सीवाले चार महिने जवळजवळ रिकामे. जेवण तर बारा महिने लागतं.

आता गोव्यात इन्कमटॅक्स रद्द झाल्याचा फायदा कोणाला नाही ते बघा, यादी मोठी आहे. आपले तारवटी, बोटीवरचे लोक, वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी देशात असले की नॉन-रेसिडेंट होतात आणि बोटीवरच्या पगाराला इथे टॅक्स नाही, त्यांच्या घरच्यांना मात्र जीएसटी आहे. काजू-सुपारीचे बागायतदार, शेतीचं उत्पन्न मुळातच माफ. आणि सगळ्यात वाईट हाल म्हाताऱ्या माणसांचे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरचे ११ टक्क्यांहून जास्त होते, आज त्याहून जास्तच असणार, पोरं पुण्याला नाहीतर पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला. ह्या माणसांनी तीस-पस्तीस वर्षं पगारावर टॅक्स भरला, उरलेले बाजूला टाकले, आणि आता ते काढून खायची वेळ आली तर तुम्ही म्हणणार की आता खाण्यावर टॅक्स. एकाच पैशावर दोनदा. तरुणाला निदान पुढची वर्षं कमाईवर सूट मिळेल, त्यांना काय?

जमिनीचं तर बोलूच नका. म्हणजे बोलायलाच हवं, कारण तुम्ही बोलत नाही. आज गोव्यात एका दिवसात सर्वात मोठी कमाई कशात होते? जमीन विकण्यात. आसगाव, हणजूण, शिवोली सोडा, आता पेडण्यात आणि इकडे डोंगरातल्या गावांत पण दिल्लीवाले प्लॉट बघत फिरतायत, शेतजमिनीच्या कन्व्हर्जनवरून ग्रामसभा तापतायत. आज जमीन विकणाऱ्याला निदान कॅपिटल गेन, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स, भरावा लागतो, साडेबारा टक्के धरून चला, घेणाऱ्याला ५० लाख किंवा वरच्या सौद्यात १ टक्का टीडीएस कापावा लागतो, आणि एवढे पैसे कुठून आणले हे कोणीतरी विचारू शकतो. इन्कमटॅक्स गेला की हे सगळं गेलं. मग जीएसटीत सापडेल म्हणाल तर जमिनीच्या विक्रीवर जीएसटी नाहीच. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर ५ टक्के, पण ऑक्युपन्सी मिळालेला तयार व्हिला दहा कोटींना घेतला तर जीएसटी शून्य. स्टॅम्प ड्युटी भरली की झालं. आणि तांदळाच्या ५ किलोच्या पाकिटावर मात्र १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे! त्यात पण गंमत अशी की नियम २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगला आहे, म्हणून लगेच बाजारात २६ किलोची पोती आली, त्यावर टॅक्स नाही. एकदम २६ किलो घेण्याइतके पैसे कोणाकडे असतात सांगा. रोजंदारीवाला पाकीटच घेतो, नाहीतर सुटा. सुट्यावर नाही हे खरं, पण सुटा विकणारी दुकानं कमीच होत चाललीत.

म्हणजे खर्चावर टॅक्स म्हणताना 'खर्च' कशाला म्हणायचं हे ठरवतो कोण? तो व्हिला खर्च नाही, गुंतवणूक. तांदूळ खर्च.

आणखी एक गोष्ट जी फक्त आपल्याकडे आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेलीत आहे आणि देशातल्या कुठल्या चर्चेत येणार नाही, म्हणून तुम्हीच मांडायची. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड असल्यामुळे नवरा-बायकोचं उत्पन्न, पगार सोडून, अर्धं अर्धं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, १९६१ च्या कायद्यातलं कलम ५ए, रिटर्नमध्ये त्याचं वेगळं शेड्यूलच आहे. भाडं येतं, दुकानाचा नफा येतो, त्यातला अर्धा वाटा बायकोच्या नावावर कायद्याने लागतो, ती घरीच असली तरी. बाहेरच्या सीएला हे समजावता समजावता माझा घसा सुकतो. पण ह्यातून काय दिसतं, तर इन्कमटॅक्स माणूस बघतो. उत्पन्न कोणाचं, म्हातारा आहे का, घरात अपंग आहे का, नवरा-बायको आहेत का. (जुन्या रेजीममध्ये जास्त बघायचा, नवीनमध्ये ते पण काढत आणलंय, तो वेगळा राग.) जीएसटी फक्त वस्तू बघतो. ती कोणी घेतली, कर्ज काढून घेतली का, हे त्याला दिसत नाही.

आखातातून आलेले लोक म्हणतात आमच्याकडे बघा, इन्कमटॅक्स नाही आणि सगळं कसं झकास. बरोबर, खाली तेल आहे. तरी पण २०१८ ला यूएई आणि सौदीने ५ टक्के व्हॅट आणला, सौदीने २०२० मध्ये त्याचे एकदम १५ केले, बहरीनने २०१९ ला ५ आणला आणि २०२२ ला १० केला. आणि ओमानने तर आता उलटंच ठरवलंय, २०२८ पासून वर्षाला ४२ हजार रियालच्या वर कमावणाऱ्यांना ५ टक्के इन्कमटॅक्स. ज्यांच्याकडे नव्हता ते आणतायत, आणि आपण काढायला निघालोय. आणि पोर्तुगालमध्ये जाऊन राहिलेल्या भाच्याला विचारा, तिथे २३ टक्के व्हॅट पण आहे आणि इन्कमटॅक्स पण आहे. एक आला म्हणून दुसरा गेला असं तिथे झालेलं नाही.

खरं म्हणजे आपल्याकडे हळूहळू हे सुरूच आहे आणि त्यातला एक अंक पणजीतच झाला. २० सप्टेंबर २०१९, जीएसटी कौन्सिलची ३७ वी बैठक गोव्यात होती. त्याच दिवशी बैठकीआधी इथेच अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्के, नवीन कारखान्यांना १५, आणि सरकारचे त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी जाणार. आणि मग बैठकीत साडेसात हजारांच्या वरच्या हॉटेल रूमचा जीएसटी २८ वरून १८. आपल्या हॉटेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण म्हटलं चला, टुरिझमला बरं. पण वर दिलेले २२ पैसे आणि १७ पैसे परत बघा. आज कंपन्यांपेक्षा माणसं जास्त भरतायत. आता माणसांतल्या वरच्या लोकांना सोडायचं म्हटलं की मागे उरलं कोण?

तुम्हाला मोह कुठे पडेल ते पण मला माहीत आहे. जीएसटी जिथे खर्च होतो तिथे जातो, हॉटेलच्या रूमचा तर जिथे हॉटेल आहे त्याच राज्यात. दिल्लीचा माणूस कळंगुटला राहिला की अर्धा टॅक्स गोव्याच्या तिजोरीत. मांडवीतल्या कॅसिनोंवर आधी २८ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० आहे. त्यामुळे पर्वरीच्या सचिवालयात कोणी बसून हिशेब केला तर त्याला वाटेल की खर्चावर टॅक्स म्हणजे गोव्याला लॉटरी. तसं वाटू देऊ नका. एकतर इन्कमटॅक्सच्या पैशातला पण वाटा राज्यांना येतो, केंद्राच्या वाटपातले ४१ टक्के, तो आटेल. आणि दुसरं म्हणजे महागड्या रूमवर ३० टक्के लागले की तो दिल्लीवाला येणारच नाही. आत्ताच सगळे म्हणतायत की गोव्याच्या पैशात थायलंड होतं, तिथे व्हॅट ७ टक्के आहे. तो पर्याय त्याच्याकडे आहे, आमच्याकडे नाही, आम्ही डिचोली-साखळीच्या बाजारातच घेणार.

राहिलं बिलाचं. आज १८ टक्क्यांवर हार्डवेअरच्या दुकानात काय चालतं ते मला विचारा, नाव कोणाचं घेत नाही. टाइल्स बघून झाल्या की पहिला प्रश्न, बिल हवंय की नको? नको म्हटलं की कॅल्क्युलेटर वेगळा आकडा दाखवतो. १८ चे ३० केले की हा प्रश्न विचारायची पण गरज उरणार नाही. काळा पैसावाला खर्चात सापडेल म्हणता ना, तोच पहिला म्हणेल बिल नको. आणि लोक थांबतात पण. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला दर कमी होणार म्हणून घोषणा झाली आणि गणेश चवथीला मोठा टीव्ही, एसी घ्यायचे ते सगळे २२ सप्टेंबरपर्यंत थांबले, ऐन चवथीच्या सीझनला आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी माशा मारल्या. टीव्ही थांबवता येतो, तांदूळ नाही, म्हणजे वाढवलेला टॅक्स शेवटी कशातून हमखास येणार ते कळलं असेल.

एवढं असूनही कोणी मनापासून म्हणत असेल की टॅक्स खर्चावरच हवा, तर त्याचा एक रस्ता आपल्याच देशाने चालून बघितलाय. निकोलस काल्डोर म्हणून केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ १९५६ ला इथे आले होते, त्यांनी सुचवलं की दुकानात वस्तूवर नको, माणसाचा वर्षाचा एकूण खर्च काढा आणि जास्त उडवणाऱ्याला चढत्या दराने टॅक्स लावा. इन्कमटॅक्स ठेवून, त्याच्या जोडीला. टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना १९५७ चा कायदा झाला, १९५८ पासून लागू, १९६२ ला बंद, १९६४ ला परत, १९६६ ला कायमचा गुंडाळला. पैसेच जमा होईनात, आणि कोणी किती खर्च केला ते मोजणार कसं. आज पॅन आहे, आधार आहे, कार्ड आहे, यूपीआय आहे, तेव्हाची अडचण आज तेवढी नाही. करोडोंचा व्हिला, लग्नाला अख्खं रिसॉर्ट, तिसरी गाडी, ह्यावर चढता टॅक्स लावा, मी स्वतः फॉर्म भरून देतो. पण ग्रुपवर मागणी करणाऱ्यांना हा खर्चावरचा टॅक्स नको असतो, मी एकदोघांना सांगून बघितलं, लगेच म्हणाले आमचा खर्च सरकारने का मोजायचा.

तर मागतो एवढंच. निवेदन आलं तर फोटो काढा, हरकत नाही, पण संसदेत अर्थमंत्रालयाला लेखी प्रश्न टाका की इन्कमटॅक्स काढून जीएसटीचे दर वाढवले तर महिना १५ हजार, ५० हजार आणि ५ लाख कमावणाऱ्या घराला वर्षाला किती रुपयांचा फरक पडेल. टक्केवारी नको, रुपये. दुसरं, खर्चावरचा टॅक्स एका पैशानेही वाढणार असेल तर आधी गरीब घराच्या खात्यात पैसे परत करायची सोय झाली पाहिजे. कॅनडात कमी उत्पन्नवाल्यांना जीएसटीचे पैसे तीन-तीन महिन्यांनी परत येतात. आपल्याला हे नवीन नाही, २०१२ मध्ये महागाईत घराला हातभार म्हणूनच गृह आधार योजना सुरू झाली, घरच्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० येतात, पण ते राज्याच्या तिजोरीतून. केंद्राचा टॅक्स वाढला तर भरपाई केंद्राने द्यावी, राज्याने कर्ज काढून नव्हे. आणि जमिनीच्या विक्रीवरचा टॅक्स कुठल्याही नावाखाली माफ होणार असेल तर त्याला गोव्याचा विरोध आहे हे तिघांनी मिळून सांगा, पक्ष बाजूला ठेवून. त्या एका विषयावर तरी तिघांचं एकमत व्हायला हरकत नसावी.

प्रश्नाला उत्तर आलं तर मराठीत किंवा कोकणीत आमच्यापर्यंत पोचवा. बुधवारच्या बाजाराला आलात तर प्रत्यक्षच बोलू, दुकानदार पण असतील आणि आकडे घेऊन बसलेले असतील.

आपला,
डिचोलीच्या बाजारातला एक हिशेबनीस